इस्त्री-डोंगरावरची निळी रेघ

मी एक जुना नकाशाफलक आहे, मित्रांनो. नेब्रास्कातल्या वेदरली गावी, कोर्टाच्या इमारतीच्या तळमजल्यावर जुन्या वस्तूंची एक खोली आहे. तिथे मी भिंतीला टेकून उभा असतो. माझ्या एका बाजूला मका सोलायचे मोडके यंत्र आहे आणि दुसऱ्या बाजूला गावच्या पहिल्या डॉक्टरची दात उपटायची खुर्ची. शाळेची मुले येतात ती खुर्चीपाशीच घुटमळतात. माझ्याकडे कुणी फारसे फिरकत नाही. त्याचे मला वाईटही वाटत नाही, कारण दात उपटण्यातली गंमत माझ्यात कुठून येणार!

पण परवा ही खोली सांभाळायला आलेल्या नव्या बाई माझ्यासमोर येऊन थांबल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मला न्याहाळले आणि मदतनीस बाईंना म्हणाल्या, "हे मधलं गिचमिड काय आहे? आणि ही वेडीवाकडी पाटी कुणी लावली? सोमवारी हा फलक साफ करून घेऊ. जनरलसाहेबांची वस्तू आहे, जरा नीटनेटकी दिसू दे."

आज शनिवार आहे. म्हणून बोलतो आहे. एरवी मी बोलणाऱ्यांतला नाही.

माझा जन्म १९४२ सालच्या वसंतात झाला. दक्षिणेकडच्या एका लष्करी छावणीत, चर्चची बाके करणाऱ्या एका सुताराने मला बर्चच्या प्लायवूडमधून घडवले. त्याने माझे कोपरे बाकांसारखेच गोल केले. माझे दोन भाग होते. मधे पितळी बिजागऱ्या आणि वर चामड्याची मूठ. मिटले की मी सुटकेस, उघडले की मी चार फूट रुंद. माझ्या अंगावर नकाशा चिकटवायचा, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पत्रा बसवायचा आणि त्या पत्र्यावर मेणाच्या पेन्सिलीने रेघा काढायच्या. आपली माणसे निळ्या रेघेने, शत्रू लाल रेघेने. आघाडी हलली की फडक्याने जुनी रेघ पुसून नवी काढायची. तोफा कुठे डागायच्या, रसद कुठवर न्यायची, जखमींना कोणत्या वाटेने आणायचे, हे सगळे माझ्याकडे बघून ठरे. तेव्हा मला त्याचा फार तोरा होता, हे कबूल करतो.

माझे मालक मेजर जनरल ऑर्व्हिल स्टॅनर्ड. बुटके, किडकिडीत, कान मोठे, आणि डावखुरे. सेनापती म्हणून चित्रात दाखवतात तसे ते मुळीच नव्हते. शिपाई त्यांना मागून 'मास्तर' म्हणत. साहेबांचे वडील याच वेदरलीत धान्याच्या कोठारावर तराजू सांभाळत. "काटा मारणाऱ्याच्या घरचं पाणीही पिऊ नये," असे ते मुलाला सांगायचे, आणि साहेब ते आम्हा सगळ्यांना सांगायचे, दर आठवड्याला, कुणी विचारो न विचारो.

पहिल्या महायुद्धात साहेब फ्रान्समध्ये तरुण कॅप्टन होते. वरच्यांच्या नकाशावर एक पूल दाखवलेला होता. साहेब आपली माणसे घेऊन नदीवर पोचले तर पूल नव्हताच. त्या काठावर त्यांनी सत्तर माणसे गमावली. मग युद्ध संपले आणि वीस वर्षे त्यांना कुणी विचारले नाही. धुळीने भरलेल्या छावण्यांत खेचरांचे नाल तपासणे आणि पोरसवदा अधिकाऱ्यांना नकाशा वाचायला शिकवणे, एवढेच काम. केस पिकले, तरी बढती येईना. दुसरे युद्ध पेटले तेव्हा कुठे सरकारला आठवण झाली, आणि दोन वर्षांत साहेबांच्या खांद्यावर दोन तारे चढले. पंधरा हजार माणसे त्यांच्या हाताखाली आली.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला उघडले आणि माझी राखण करणाऱ्या सार्जंटला नियम सांगितला.

"जे डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच काढायचं. होईल, व्हावं, झालं असेल, असली आशेची रेघ काढायची नाही. आणि काढणाऱ्यानं रेघेखाली वेळ टाकायची, आपल्या नावाची अक्षरं टाकायची. चुकलं तर कुणाचं मानगूट धरायचं ते कळलं पाहिजे. सहीशिवायची रेघ म्हणजे रेघच नाही."

"आणि तुम्ही काढलीत तर, साहेब?"

"तर माझी सही. माझं मानगूट काय वेगळ्या हाडाचं आहे?"

त्या सार्जंटचे नाव डेलमर पिकेट. टेनेसीतला माणूस, युद्धाआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या हातची रेघ दोरी धरून मारल्यासारखी सरळ येई. साहेबांची रेघ मात्र डाव्या हातामुळे तिरपी जाई आणि शेवटी गळासारखा आकडा घेई.

"साहेब, माझ्या शेठनं तुम्हाला एक दिवस कामावर ठेवलं नसतं," पिकेट एकदा म्हणाला. "दुकानाच्या नावाला शेपूट फुटलं असतं."

"म्हणून तर तुला ठेवलाय. शेपटं छाटायला."

अशी त्या दोघांची जोडी होती. पिकेट मला मुलासारखा जपे. पाऊस आला की आधी मला झाकी, मग स्वतःचे डोके. नवा मुलूख लागला की जुन्या नकाशावरच नवा नकाशा चिकटवला जाई. आफ्रिका, सिसिली, मग इटली. माझ्या अंगावर थरावर थर चढत गेले.

मित्रांनो, आता १९४४ च्या जानेवारीतली ती सकाळ सांगतो. सांगताना मला अजूनही बरे वाटत नाही.

इटलीच्या डोंगरांत आम्ही अडकलो होतो. समोर एक उंच डोंगर होता. त्याचा माथा सपाट आणि टोक निमुळते, म्हणून शिपायांनी त्याला 'इस्त्री' नाव दिले होते. तो इस्त्री-डोंगर घेण्याचा दोनदा प्रयत्न झाला होता आणि दोन्ही वेळा आमची माणसे मार खाऊन परतली होती. साहेबांनी जेवण टाकले होते. ऑलिव्हच्या तेलाच्या एका पडक्या घाण्यात आमची कचेरी होती. तिथे ते माझ्यासमोर उभे राहत आणि त्या माथ्याकडे असे पाहत की जणू तो नकाशावरून पुसूनच टाकायचा आहे.

तिसरा हल्ला त्या पहाटे सुरू झाला. दुपारच्या आत माथा घेऊ, असा शब्द साहेबांनी वरच्या मोठ्या जनरलना देऊन ठेवला होता. ते मोठे जनरल साडेअकराला येणार होते. सोबत वर्तमानपत्रांचे फोटोवाले. त्यात थंडीने माझा सेल्युलॉइडचा पत्रा पहाटे मधोमध तडकला आणि पिकेटने तो काढून टाकला.

"इंजिनियरांकडे नवा पत्रा आहे, साहेब. तासाभरात घेऊन येतो," पिकेट म्हणाला. "तोवर फलकाला कुणी हात लावू नये. खाली नुसता कागद आहे. काढलेलं पुसता येणार नाही."

"जा, जा. मी इथंच आहे."

पिकेट गेला. थोड्या वेळाने टेलिफोन वाजला. रेजिमेंटचा कर्नल ओरडून बोलत होता, मलासुद्धा ऐकू येत होते.

"माथ्याच्या खाली दोनशे यार्डांवर आहोत, साहेब! धुकं दाट आहे, वरून काही हालचाल नाही. अर्ध्या तासात वर!"

"म्हणजे पोचलातच म्हणा."

"जवळजवळ, साहेब."

साहेबांनी फोन ठेवला. घड्याळ पाहिले. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. कॉफीचा कप त्यांनी घाण्याच्या दगडावर ठेवला आणि निळी पेन्सिल उचलली. खोलीत दुसरे कुणी नव्हते. त्यांनी पेन्सिल माझ्यावर टेकवली, क्षणभर थांबले, आणि मग इस्त्री-डोंगराच्या माथ्यावरून, अगदी धारेवरून, एक रेघ ओढली. इतकी दाबून ओढली की कागद खरवडला आणि ती खालच्या थरांतून लाकडापर्यंत उमटली. शेवटी नेहमीचा आकडा आला. मी वाट पाहत होतो, आता वेळ टाकतील, आता सही करतील. एवढ्यात, ठरलेल्या वेळेआधीच, बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला. साहेबांनी पेन्सिल खिशात टाकली, टोपी नीट केली आणि ते दाराकडे वळले.

मोठे जनरल आत आले, त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारली. फोटोवाल्यांनी दिवे लावले. साहेब छडीने माथ्यावरची रेघ दाखवत उभे राहिले. मी खोटे बोलत होतो आणि माझा फोटो निघत होता. फळी आहे मी, वर काढले ते दाखवायचे एवढेच माझे काम, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे. पण समजूत पटत नाही.

फोटो झाले आणि साहेब पाहुण्यांना घेऊन डोंगराचा देखावा दाखवायला वरच्या रस्त्यावर गेले. ते गेले आणि पिकेट पत्रा घेऊन परतला. तो माझ्यासमोर थबकला. रेघेखाली वेळ नव्हती, अक्षरे नव्हती. पण त्याने तो आकडा पाहिला.

बाराला धुके उठले. माथ्यावर जर्मन मशीनगना तशाच बसलेल्या होत्या. उघड्या उतारावर आमची माणसे आडोशाशिवाय पडली होती, दगडामागे डोके, बाकी अंग बाहेर. टेलिफोन किंचाळू लागला. माथ्यावर तोफा डागा, लगेच डागा!

तोफखान्याचे प्रमुख कर्नल बॅसेट धावत आत आले. जाडजूड, सावध माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"फोनवाला खाली उतारावर आहे, पण इथं तर माथ्यावर आपलीच माणसं आहेत ना! मी आपल्याच पोरांवर गोळे टाकू? पिकेट, ही रेघ कधीची? खाली सही का नाही?"

पिकेटच्या हातात अजून तो नवा पत्रा होता. त्याने पुन्हा एकदा त्या आकड्याकडे नीट पाहिले.

"रेघ पक्की आहे, कर्नलसाहेब," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. अगदी पक्की."

बॅसेट यांनी तोफा रोखून धरल्या. साहेबांना शोधायला माणसे पळाली. फोनवरचा आवाज ओरडत राहिला, मग विनवण्या करू लागला, मग बंद पडला. पस्तीस मिनिटांनी रस्त्यावरच्या एका चौकीतून साहेबांचा फोन आला. "डागा! डागा तोफा! माथ्यावर आपलं कुणी नाही!" बॅसेट यांनी लगेच तोफा डागल्या. दुपारी तीनला माथा हाती आला. संध्याकाळपर्यंत माझ्यावरची रेघ खरी झाली होती. मधल्या पस्तीस मिनिटांत एकतीस माणसे गेली.

चौकशीला वरून एक अधिकारी आला. स्वच्छ बूट, पातळ ओठ. घाण्याच्या खोलीत मलाच साक्षीला उभे केल्यासारखे मधे ठेवले होते.

बॅसेट म्हणाले, "मी विचारलं. सार्जंट म्हणाला, रेघ पक्की आहे."

"कशावरून पक्की, सार्जंट?"

पिकेटने साहेबांकडे पाहिले. साहेब माझ्याकडे पाहत होते.

"माझी तशी समजूत झाली, साहेब," पिकेट म्हणाला.

"रेघ काढली कुणी?" अधिकाऱ्याने साहेबांनाच विचारले.

साहेबांचे ओठ हलले. मला वाटले, आता सांगतील. धान्यवाल्या स्टॅनर्डचा मुलगा आहे, सांगेलच.

"फलक सांभाळायचं काम सार्जंट पिकेटचं आहे," साहेब म्हणाले.

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, मित्रांनो. अधिकाऱ्याने मान डोलावली आणि लिहून घेतले. पिकेटच्या बाहीवरचे पट्टे उतरवले गेले आणि त्याची रवानगी साधा शिपाई म्हणून रायफल कंपनीत झाली. जाण्यापूर्वी तो माझ्याजवळ आला, पेन्सिली ओळीने लावून ठेवल्या, एक निळी पेन्सिल खिशात टाकली आणि त्या आकड्यावरून अंगठा फिरवला. साहेब दारात उभे होते. त्याने कडक सॅल्यूट ठोकला. साहेबांनीही ठोकला.

तो फोटो देशभर छापून आला. साहेबांना पदक मिळाले, पुढे तिसरा तारा मिळाला. लोक त्यांना इस्त्री-डोंगराचा वीर म्हणू लागले. ते एकतीस घरांना स्वतःच्या हाताने पत्रे लिहीत बसले, पण त्या पत्रांत माझे नाव कुठे नव्हते. नंतर ते चांगले लढले, हे मी सांगितलेच पाहिजे. पुन्हा कधी आशेवर पाऊल टाकले नाही. इतके जपून वागू लागले की वरचे त्यांना हळू म्हणू लागले. माझ्यावर नवे नकाशे चढले, ती रेघ खाली गाडली गेली, आणि जर्मनीत युद्ध संपले तेव्हा माझ्या अंगावर नऊ थर होते.

वेदरलीने साहेबांची मिरवणूक काढली. फोटो मोठा करून डाकघरात लावला. साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी मला घराच्या तळघरात, भिंतीकडे तोंड करून ठेवले. तिथे मी अकरा वर्षे भिंत पाहिली. तळघरात लोणच्यांच्या बरण्या होत्या आणि त्यांच्या पत्नी लेनोराबाई येता-जाता माझ्यावर ओल्या चादरी वाळत टाकीत.

एकदा त्या वरून ओरडल्या, "ऑर्व्हिल, तुझी ती फळी दे की! भिंतीच्या कागदाला खळ लावायला अगदी बरोबर मापाची आहे."

"तिला हात लावायचा नाही!"

साहेब घरात कधी आवाज चढवत नसत. लेनोराबाई जिन्यावरच थांबल्या. मग परत गेल्या, पण ते ओरडणे त्यांनी लक्षात ठेवले.

त्या हिवाळ्यात साहेब रोज सकाळी तळघरात येऊ लागले. कोमट पाण्याचे भांडे, फडके आणि बोथट सुरी. ते एकेक नकाशा भिजवून सोलत. जर्मनी निघाली, फ्रान्स निघाला, रोमच्या वरचा मुलूख निघाला. मार्चमध्ये इस्त्री-डोंगर वर आला. खळ, पाणी, वर्षे, कशानेही ती निळी रेघ गेली नव्हती. साहेब उलट्या बादलीवर बसले आणि रडले. म्हाताऱ्या माणसाला असे रडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मग ते पत्रे लिहू लागले. 'प्रिय पिकेट' म्हणून सुरुवात करायची, दोन ओळी लिहायच्या आणि कागद चुरगळून माझ्यामागे टाकायचा. एके दिवशी लेनोराबाई बरणी न्यायला आल्या आणि माझ्यामागे वाकल्या. त्यांनी कागद उलगडले. एकापाठोपाठ एक, सगळे वाचले. त्यातले सर्वांत कमी चुरगळलेले पत्र त्यांनी इस्त्रीखाली घालून सपाट केले, टेनेसीतला पत्ता खटपट करून मिळवला आणि नवऱ्याला न सांगता ते टपालात टाकले.

१९५९ चा मे महिना होता. वेदरलीच्या नव्या शाळेला साहेबांचे नाव द्यायचे ठरले होते. शहिदांच्या थडग्यांवर फुले वाहण्याच्या दिवशी समारंभ होता. त्याच्या तीन दिवस आधी बसमधून पिकेट उतरला.

साहेबांनी त्याला ओळखले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीचा हात घट्ट धरला. लेनोराबाईंनी कोबी-खिम्याचे गरम पाव पुढे ठेवले आणि आत न जाता तिथेच बसल्या.

"खा ना, पिकेट," साहेब म्हणाले.

"खातो. प्रवासात उपाशी आहे, उगाच भीड कशाला धरू." पिकेटने डाव्या हाताने पाव उचलला. त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटे होती. "कंपनीत गेल्यावर दुसऱ्या महिन्यात बोटं गेली. पाट्या रंगवणं सुटलं. मग डाव्या हातानं शिकलो. आता मीही तुमच्यासारखाच डावखुरा, साहेब. माझ्याही अक्षरांना शेपटं फुटतात."

साहेब उठून तळघरात आले, धापा टाकत मला वर घेऊन गेले आणि पिकेटसमोर उघडले. पिकेट वाकून त्या आकड्याकडे पाहू लागला.

"तू तेव्हा बोलला का नाहीस?" साहेबांनी विचारले.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. म्हटलं, संध्याकाळी सांगतील. मग म्हटलं, उद्या सांगतील. मग माझी बदली झाली." त्याने पाव ताटलीत ठेवला. "आणि खरं सांगू? मला पट्ट्यांचं काही वाटलं नाही. मी बॅसेटसाहेबांना पक्की म्हणालो ते तुमचा आकडा ओळखला म्हणून. दुसऱ्या कुणाची बिनसहीची रेघ असती तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं, ही मानू नका. तुमची होती, म्हणून पक्की म्हणालो. ती पस्तीस मिनिटं रोज माझ्या डोळ्यांपुढं येतात. तुमच्यावरच्या विश्वासानं माणसं मारली मी."

"तू नाही. मी मारली."

"मग लिहा तसं."

त्याने शर्टाच्या खिशातून निळी पेन्सिल काढली. बोटभरच उरली होती. साहेबांनी ती घेतली आणि ते माझ्यावर वाकले. पिकेटने त्यांचा हात धरला.

"इथं नको. इथं लिहून काय उपयोग? मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, आता बाईसाहेबांनाही ठाऊक आहे. समारंभात गावापुढं लिहा."

"पिकेट, त्या शाळेवर माझं नाव लागणार आहे."

"हो, बसथांब्यावर वाचलं मी."

तीन दिवस साहेब घरातून बाहेर पडले नाहीत. मी बैठकीच्या खोलीत उघडाच होतो. एकदा ते मध्येच म्हणाले, "लेनोरा, मी तब्येतीचं कारण सांगितलं तर?"

"सांग की," लेनोराबाई गणवेशाला इस्त्री करत म्हणाल्या. "पंधरा वर्षं तेच तर दुखणं आहे तुला."

समारंभाच्या दिवशी कडक ऊन होते. बँड, झेंडे, दुमडत्या खुर्च्या, कागदी पंखे हलवणाऱ्या बायका. साहेबांनी मला व्यासपीठावर उघडून ठेवले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोतला फलक सगळ्यांना पाठ होता. पिकेट शेवटच्या रांगेत उभा होता.

साहेबांनी भाषणाचा कागद काढलाच नाही. त्यांनी सगळे सांगितले. अकरा वाजून दहा मिनिटे, टेलिफोन, धुके, पस्तीस मिनिटे, एकतीस माणसे, पिकेटचे पट्टे. सांगताना ते अडखळत होते. टाळ्या वाजवायला वर गेलेले हात तसेच खाली आले. मेयर उठून त्यांच्या कोपराला धरून हळूच म्हणाले, "साहेब, ऊन फार झालंय. चला, आत सावलीत बसू."

"ऊन बरोबर आहे, मेयरसाहेब. सोडा मला."

मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी उजव्या हाताने डावे मनगट घट्ट धरले. रेघेखाली त्यांनी लिहिले, '११.१०', आणि त्यापुढे आपल्या नावाची दोन अक्षरे. बँडवाल्याला कळेना वाजवायचे की नाही, आणि घाबरून त्याने वाजवले. मी मागच्या रांगेकडे पाहिले. पिकेटने सॅल्यूट केला नाही. त्याने फक्त टोपी काढली आणि तो बसथांब्याकडे चालू लागला.

शाळेच्या समितीने तीन सभा घेतल्या आणि शेवटी गावच्या ओढ्याचे नाव शाळेला दिले. "बरं झालं," साहेब लेनोराबाईंना म्हणाले, "ओढ्यानं कुणाला फसवलं नाही." काही शेजारी त्यांच्याशी बोलेनासे झाले. ती रेघ कळली म्हणून नव्हे, त्यांनी ती सांगितली म्हणून. साहेबांनी सगळे लिहून, सही करून सरकारला पाठवले. पिकेटचे पट्टे कागदावर परत आले का, मला कळले नाही. दोन वर्षांनी साहेब गेले. लेनोराबाईंनी मला या खोलीत आणून ठेवले आणि पुढच्याच आठवड्यात टेनेसीहून एक पार्सल आले. आत एक छोटी पाटी होती, डाव्या हाताने रंगवलेली. प्रत्येक अक्षराला शेपूट. 'ही रेघ चुकीची आहे. काढणाऱ्याने तसे लिहून दिले आहे.' एवढेच. लेनोराबाईंनी ती स्वतः खिळे ठोकून माझ्याशेजारी लावली. आता त्या नाहीत, आणि पिकेटचेही पुढे काही कळले नाही.

तर मित्रांनो, सोमवारी बाई फडके आणि कसलेसे औषध घेऊन येतील. त्या वाईट नाहीत, त्यांना कुणी सांगितलेले नाही इतकेच. तुमच्यापैकी कुणी तेव्हा खुर्चीपाशी असलात तर तेवढी माझी बाजू घ्या. माझी धूळ झटका, बिजागऱ्यांना तेल द्या, मूठ निसटली आहे तीही शिवा. जुन्या वस्तूंना तेवढी माया पुरते. पण ती रेघ पुसू देऊ नका, ती पाटी काढू देऊ नका, आणि रेघेखालची ती दोन अक्षरे तर मुळीच नाही. ती लिहायला क्षणभर पुरला असता. माझ्या साहेबांना पंधरा वर्षे लागली, आणि ती एकतीस माणसे तेवढा वेळ थांबू शकली नाहीत.